आदल्या रात्रीची बैठक

शांतता समितीच्या बैठकीत नकाशाच्याही आधी पंचांग उघडलं जातं. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. आपण अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतो, हिजरी कालगणनेत ती सोय नाही. म्हणून मोहरम, ईद, उरूस दरवर्षी अलीकडे सरकत येतात आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा गणेशोत्सवाला येऊन भिडतात. 1985च्या आसपास मोहरम असाच गणपतीत आला होता. मग 2018 ते 2020 अशी सलग तीन वर्षं आला. 2023मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला पडली. बेळगावातल्या मुस्लिम पंचांनी जुलूस पुढे ढकलला, मुंबईतही तसंच झालं आणि महाराष्ट्र सरकारने ईदची सुट्टी 29 तारखेला नेली. पुढचा पेच सीमाभागातल्या निपाणीचा. पिराने पीर दस्तगीर साहेबांची ग्यारवी, म्हणजे त्यांच्या स्मरणाची हिजरी अकरावी तारीख, 2026मध्ये हिशेबाने अनंत चतुर्दशीच्या तोंडावर येते, आणि निपाणीचा मोठा उरूस दस्तगीर साहेबांचाच.

सीमाभागातल्या एका पोलीस ठाण्यात अशा बैठकीला मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. टेबलामागे तहसीलदार, पोलीस सर्कल इन्स्पेक्टर, हेस्कॉम या वीज कंपनीचा अभियंता, पालिकेचा एक माणूस. समोर मंडळांचे अध्यक्ष, जमातचे पंच, जैन बस्तीचे एक वयस्क गृहस्थ आणि चर्चचे फादर. साहेब कन्नडात बोलत होते, उत्तरं मराठीत येत होती आणि मागच्या रांगेतली कुजबुज दखनीत चालली होती. 1956पासून ज्या भाषेवरून हा मुलूख धुमसतो आहे, ती त्या खोलीत कुणाला अडली नाही. मला वाटतं, इथल्या सलोख्याचं एक कारण या जुन्या भांडणातच आहे. भाषेची रेघ आणि धर्माची रेघ इथे एकमेकींवर पडत नाहीत. मराठी शाळेत शिकलेला मुसलमान आहे, कन्नड शाळेत शिकलेलाही आहे. मराठे, लिंगायत, जैन एकाच पेठेत दुकानं लावून आहेत. एका भांडणात जो समोर उभा असतो, तोच दुसऱ्या भांडणात शेजारी येऊन बसतो. सगळ्यांशी एकदम वैर धरायला इथे माणसाला सवड होत नाही.

भाईचाऱ्याची भाषणं पहिल्या दहा मिनिटांत उरकली. मग खरं काम निघालं. मूर्ती किती फूट, तारा किती उंचीवर, वीज कुठल्या चौकात किती वेळ बंद ठेवायची. डॉल्बी किती. मशिदीजवळ गुलाल उधळायचा की पुढच्या वळणावर. भगव्या पताका बांधलेल्या खांबावर हिरव्या बांधायच्या असतील तर आधीच्या उतरवायच्या कुणी? हा शेवटचा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण दुसऱ्याच्या पताकेला हात लागला, एवढ्यावर गावं पेटलेली आहेत. तिथे ठरलं ते असं, की ज्याची पताका त्यानेच उतरवायची, आणि पालिकेच्या माणसाने शिडी घेऊन सोबत उभं राहायचं.

एवढं सगळं तासाभरात कसं मिटलं, याचं नवल वाटून मी चौकशी केली, तेव्हा कळलं की ते आदल्या रात्रीच मिटलेलं होतं. ठाण्यातली बैठक ही नोंद करायला असते. पुढच्या खेपेला मी त्या रात्रीच्या बैठकीत जाऊन बसलो. तंबाखूच्या एका वखारीचा ओटा, जर्द्याचा नाकाला झोंबणारा वास. एका बाजूला मंडळाचे आबा, दुसऱ्या बाजूला जमातचे एक चाचा.

"आबा, मिरवणूक मशिदीम्होरं किती वाजता येतीया?"

"नऊ लिवलंय. पर आमचं नऊ म्हंजे साडेधा, तुमास्नी ठावं हाय की."

"मग साडेधाच लिवा. आमची इशाची नमाज नवाच्या आत आटपती. तुमी नऊ लिवून साडेधाला आला, तर मधला दीड तास पोलीस बी घाबरा आन् आमी बी घाबरं."

आबा हसले आणि कागदावर साडेदहा लिहिलं.

या दोघांची एक रीत मी टिपून ठेवली आहे. समोरच्याकडे काही मागायचं नाही, त्याला आपण होऊन देऊ द्यायचं. 'वाजंत्री बंद करा' अशी मागणी झाली की थांबणाऱ्याला ती हार वाटते, आणि त्याची पोरं हार मानायला तयार नसतात. म्हणून चाचांनी मागितलं काहीच नाही. मिरवणुकीतल्या पोरांसाठी मशिदीच्या कोपऱ्यावर सरबत ठेवतो, एवढंच म्हणाले. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सरबत प्यायला थांबायचं तर ढोल खाली ठेवावाच लागणार. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या वहीत 'मंडळ स्वेच्छेने वाद्य थांबवणार' असं चढलं.

निपाणीच्या उरुसात हीच रीत मानाच्या रूपाने मुरलेली आहे. हा दर्गा संत बाबामहाराज चव्हाणांनी स्थापन केला, असं सांगतात, आणि आजही उरुसात चव्हाण वारसांच्या गलेफाला, म्हणजे दर्ग्यावर चढवायच्या चादरीला, मान आहे. संदल, मग भर उरूस, मग शिळा उरूस, असा क्रम. मान म्हटला की आपल्याला मिरवणं आठवतं. पण ज्याचा मान असतो त्याला वेळेवर हजर राहावंच लागतं, रुसून घरी बसायची सोय नसते. वर्ष कितीही वाईट गेलेलं असो, गलेफ निघायचा असतो, आणि तो निघायचा म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी आठवडाभर आधी बोलायला लागायचं असतं. सलोख्याला असं कामाला जुंपलेलं असणं फार मोलाचं आहे.

सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडात पाच मशिदींमध्ये गणपती बसतो. कारखाना, बैरागदार, शेळके, ढेपणपूर आणि कुडेखान बडेनाल. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने हा परिसर बुडाला होता. महिनाभरात गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच छपराखाली आले. बातम्यांत हे अजूबा म्हणून छापून येतं. मला मात्र त्यातला झाडलोटीचा भाग जास्त दिसतो: आरतीच्या आणि नमाजच्या वेळा, निर्माल्य कुणी उचलायचं, किल्ली कुणाकडे.

निपाणीला आणखी एक शिदोरी आहे, तिचा धर्माशी संबंध नाही. 1981मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगलोर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा जण गेले. वखारीतल्या बायकांची संघटनाही त्याच सुमाराची. त्यांची मजुरी जात आणि धर्म बघून कमी होत नव्हती, सगळ्यांचीच कमी होती. सोबत मोर्चा काढलेली माणसं पुढे शांतता समितीत समोरासमोर येतात तेव्हा ओळख करून द्यावी लागत नाही.

थोरामोठ्यांच्या ठरावांबद्दल मी जरा साशंक आहे, ते बेळगावमुळेच. 1924च्या सप्टेंबरात कोहाटच्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर गांधीजींनी दिल्लीत मौलाना महंमद अलींच्या घरी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. त्या दरम्यान दिल्लीतच सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांची ऐक्य परिषद भरली, ठराव झाले. डिसेंबरात गांधीजी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले; ते अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. मावळते अध्यक्ष महंमद अलीच. हे सारं मनापासून होतं, तरी पुढची वर्षं दंगलींचीच गेली. परिषदेला आलेल्यांपैकी कुणाला गावी परतून कुठल्या चौकात, किती वाजता, हे ठरवायचं नव्हतं.

आताचा ताण वेगळा आहे. जून 2023मध्ये कोल्हापूर पेटलं ते मोबाइलवरच्या स्टेटसवरून. मे 2025मध्ये बेळगाव तालुक्यातल्या संतीबस्तवाडात मशिदीतलं कुराण नेऊन जाळलं गेलं आणि शहरात मोठा मोर्चा निघाला. अशा गोष्टींना वाट नसते आणि वेळही नसते, त्यामुळे आदल्या रात्री ठरवायला काही हाती लागत नाही. वखारीच्या ओट्यावर हे निघालं तेव्हा चाचा म्हणाले, "स्टेटस टाकणारं पोरगं आमच्यात कुठं बसतंय?" खरंच होतं. ओट्यावर पन्नाशीच्या आतला फक्त चहा घेऊन आलेला मुलगा होता.

मग तिथे बसलेल्या जैन बस्तीच्या गृहस्थांनी सुचवलं, की पुढच्या खेपेपासून प्रत्येक मंडळाने आणि जमातने पंचविशीच्या आतला एकेक जण पाठवावा. आबा म्हणाले, पोरं रात्री नवानंतरच मोकळी होतात. चाचा म्हणाले, आली तर फोनमध्येच बघत बसतील. फोन बाहेर ठेवायचे की आत, यावर बराच वेळ गेला. शेवटी आत ठेवू द्यावेत असं ठरलं, कारण फोन बाहेर ठेवले तर पोरं येणारच नाहीत. त्यांच्या ग्रुपवर निरोप कुणी टाकायचा, ते मात्र राहून गेलं. ओट्यावरचं कुणीच त्या ग्रुपमध्ये नव्हतं. चहा घेऊन आलेल्या मुलाकडे सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याने विचारलं, "काय टाकू?"