मधमाशीच्या अळ्यांचे रोग : जिवाणूंच्या वर्गीकरणाचे मोल

बँकेच्या व्यवहारात वर्गीकरणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. थकलेले कर्जखाते संशयास्पद आहे की बुडीत, हे एकदा निश्चित झाले की पुढील कार्यवाहीची दिशा ठरते. चुकीच्या वर्गात टाकलेले खाते आज ना उद्या नुकसानच करते. कर्ज काढून मधपेट्या घेतलेल्या मधपाळाच्या बाबतीतही हेच खरे आहे. पेटीतील अळ्या मरू लागल्या, तर त्या कोणत्या जिवाणूमुळे मरतात यावर ती पेटी वाचवायची की जाळायची, हे अवलंबून असते.

अळ्यांना होणारे जिवाणुजन्य रोग प्रामुख्याने दोन आहेत : अमेरिकन फाउलब्रूड आणि युरोपियन फाउलब्रूड. ही नावे त्या त्या खंडापुरती मर्यादित नाहीत; दोन्ही रोग जगभर आढळतात. भारतात पहिल्याची नोंद १९६१ मध्ये झाली, तर दुसरा १९७१ मध्ये महाराष्ट्रातील सातेरी मधमाश्यांत नोंदविला गेला. पुण्यात १९६२ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे.

नावांचा प्रवास

१८८५ मध्ये इंग्लंडमधील चेशायर व चेन या संशोधकांना रोगट अळ्यांत एक दंडाकृती जिवाणू विपुल प्रमाणात आढळला. त्यांनी त्यास 'बॅसिलस अल्वी' हे नाव देऊन रोगाचे कारण मानले. पुढे अमेरिकेतील जी. एफ. व्हाइट यांनी दोन रोग निरनिराळे असल्याचे दाखविले. १९०६ मध्ये त्यांनी एका रोगाच्या जिवाणूस 'बॅसिलस लार्वी' असे नाव दिले, तर १९१२ मध्ये दुसऱ्या रोगाचे मूळ 'बॅसिलस प्लूटॉन' असल्याचे सांगितले. 'अल्वी' हा रोगाने आधीच पोखरलेल्या अळीत मागाहून वाढणारा जिवाणू ठरला. जो संख्येने अधिक दिसतो तोच अपराधी असतो असे नाही, हा त्यातील बोध होय.

पुढे 'प्लूटॉन' हा दंडाकृती नसून गोलसर जिवाणू असल्याचे स्पष्ट झाले. आज तो 'मेलिसोकॉकस प्लूटोनियस' या नावाने ओळखला जातो. 'मेलिसा' म्हणजे ग्रीक भाषेत मधमाशी. 'लार्वी'ला १९९० च्या दशकात जनुकीय तपासणीच्या आधारे 'पेनिबॅसिलस' या नव्या प्रजातीत स्थान मिळाले. या नावाचा अर्थच 'जवळजवळ बॅसिलस' असा आहे. त्याच्या दोन उपजाती मानल्या जात. २००६ मध्ये त्या एकत्र करण्यात आल्या आणि जनुकीय ठशांवरून 'एरिक' नावाचे प्रकार मानण्यात आले. एरिक-१ प्रकाराने बाधित अळ्या सुमारे बारा दिवसांत मरतात, तर एरिक-२ ने सुमारे सात दिवसांत. लवकर मेलेल्या अळ्या कामकरी माश्या कोष बंद होण्यापूर्वीच काढून टाकतात. त्यामुळे दुसऱ्या प्रकारात वसाहतीवरील लक्षणे कमी दिसतात व रोग सहज नजरेतून सुटतो.

पेटीसमोर उपयोग काय?

अमेरिकन फाउलब्रूडमध्ये अळी बहुधा कोष बंद झाल्यावर मरते. कोषाची झाकणे खचतात, त्यांना छिद्रे पडतात. मृत अळीत काडी घालून हलकेच ओढल्यास तपकिरी, चिकट तार निघते. या जिवाणूचे बीजाणू दशकानुदशके जिवंत राहतात. प्रतिजैविक औषध वाढत्या जिवाणूंना रोखते, बीजाणूंना नाही. म्हणून औषधाने लक्षणे झाकली जातात व रोग पेटीत तसाच दबून राहतो. बाधित पोळी व चौकटी जाळणे हाच अनेक देशांत मान्य असलेला मार्ग आहे.

युरोपियन फाउलब्रूडमध्ये अळी बहुधा कोष बंद होण्यापूर्वीच पिवळसर पडून, वेडीवाकडी होऊन मरते. तार सहसा निघत नाही. हा जिवाणू बीजाणू तयार करीत नाही. सौम्य प्रादुर्भावात राणी बदलणे, पुरेसे खाद्य देणे व वसाहत सशक्त करणे यांनी ती सावरू शकते.

सातेरी माश्यांत थाई सॅकब्रूड हा रोगही अळ्या मारतो; १९९० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण भारतात त्याने असंख्य वसाहती नष्ट केल्या. मात्र त्याचे कारण विषाणू असल्याने त्यावर प्रतिजैविक पूर्णतः निरुपयोगी ठरते.

अंदाजाने औषध देण्याचा खर्च केवळ औषधापुरता राहत नाही. त्याचे अंश मधात उतरतात. अशा अंशांची व मधाच्या उगमाची खातरजमा होत नसल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने २०१० मध्ये भारतीय मधाची आयात थांबविली होती. ती २०११ मध्ये पुन्हा सुरू झाली.

तेव्हा अळ्या मरताना दिसताच मधपाळाने त्या पेटीतील चौकटी दुसऱ्या पेटीत हलवू नयेत, अवजारे स्वतंत्र ठेवावीत आणि नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. मधपाळाच्या कर्जाची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यानेही पेट्यांची संख्या मोजून थांबू नये. अळ्यांची तपासणी नियमित होते का, हेही विचारावे. एका पेटीचे अचूक निदान शेजारच्या अनेक पेट्या वाचवू शकते, आणि त्या पेट्यांवरच कर्जाचे हप्ते अवलंबून असतात.