सायकोपॅथी आणि पंख्याचा रेग्युलेटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. आणि हो, मी सॉफ्टवेअरवाला आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. जे वाचून समजलं, ते सांगतोय.

सुरुवात घरापासून. गेल्या वर्षी आजी गेली. ॲम्ब्युलन्स, फोनाफोनी, डॉक्टरांचा दाखला, सगळी धावपळ मी केली. रडू मात्र आलं नाही. आत्या म्हणाली, "किती रे कोरडा तू! डोळ्यातून टिपूससुद्धा काढला नाहीस." त्या रात्री दोन वाजता मोबाईलवर एक टेस्ट दिली: 'तुम्ही सायकोपॅथ आहात का?' निकाल आला, 'मध्यम'. झाली ना झोपेची वाट!

मग वाचायला लागलो. पहिला गैरसमज तिथेच गेला. सायकोपॅथ म्हणजे भास होणारा, वेड लागलेला माणूस नाही. १९४१ साली हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 'द मास्क ऑफ सॅनिटी' हे पुस्तक लिहिलं. त्यातली माणसं वरून अगदी शहाणी, गोड बोलणारी, हुशार. पण खोटं बोलताना त्यांना काही वाटत नाही, चुकीची लाज नाही, कुणाशी खोल नातं नाही.

पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी हे मोजायची चेकलिस्ट तयार केली. त्यात २० मुद्दे आहेत. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ४०. प्रशिक्षित माणूस सविस्तर मुलाखत घेतो, जुनी कागदपत्रं तपासतो आणि मग गुण देतो. स्वतःच स्वतःला द्यायची ही परीक्षाच नाही!

आता गंमत बघा. अमेरिकेत साधारण ३० गुणांच्या वर 'सायकोपॅथ' म्हणतात, ब्रिटनमध्ये बऱ्याचदा २५ ची रेषा धरतात. मग २७ गुणांचा माणूस विमानात बसून समुद्र ओलांडला की बदलतो का? अर्थातच नाही. ती रेषा माणसांनी सोयीसाठी आखलीय. आमच्या भाषेत सांगायचं तर हे 'हो किंवा नाही' असलं व्हेरिएबल नाही, दशांशातला आकडा आहे. घरच्या भाषेत, दिव्याचं बटण नाही, पंख्याचा रेग्युलेटर आहे. थोडाफार तो सगळ्यांचाच फिरलेला असतो.

आणि रेग्युलेटरही एक नाही. २००९ मध्ये ख्रिस्तोफर पॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी तीन भाग मांडले: बेधडकपणा, निर्दयपणा आणि स्वतःवर ताबा नसणं. नुसता बेधडकपणा जास्त असेल तर तो माणूस आगीत शिरून कुणाला वाचवेलही. निर्दयपणा आणि बेताबा त्यात मिसळले की आजूबाजूच्यांचे हाल सुरू होतात. म्हणून प्रत्येक गुन्हेगार सायकोपॅथ नसतो आणि असे गुण असलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, तसाच परिस्थितीचाही.

मग माझं काय? चेकलिस्ट एका संध्याकाळचे अश्रू मोजत नाही. ती बघते वर्षानुवर्षांची सवय: घरी, कामावर, मैत्रीत, पैशाच्या व्यवहारात. दुःखात काही जण रडतात, काही जण कामाला लागतात. आणि मला जी काळजी वाटत होती ना, की आपल्यामुळे आत्या दुखावली, तीच काळजी या स्वभावात सहसा कमी असते. अर्थात यावरून मी संत ठरत नाही. दुसऱ्या दिवशी आत्याजवळ जाऊन बसलो, एवढंच.

एका श्रोत्याने विचारलंय, "माझा बॉस सायकोपॅथ आहे का?" मित्रा, ते मला सांगता येणार नाही, आणि तुलाही ठरवायची गरज नाही. तो खोटं बोलतो, तुझं श्रेय लाटतो, चारचौघांत अपमान करतो, एवढं पुरेसं आहे. सगळं ईमेलवर लेखी ठेव, विश्वासातल्या माणसाशी बोल आणि नवीन नोकरी शोधायला लाग. त्रासातून बाहेर पडायला समोरच्याच्या निदानाचा कागद लागत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर रात्री दोन वाजता टेस्ट देऊ नका, झोपा!