दिवाणी दाव्यात तारीख चुकली तर

निफाडच्या द्राक्षपट्ट्यात व्यापारी माल उचलून पैसे बुडवतो, तेव्हा शेतकरी फौजदारीबरोबर वसुलीचा दिवाणी दावाही लावतो. पण पुकारा झाला आणि प्रतिवादी हजर, वादी गैरहजर असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नुसार दावा काढून टाकला जातो. त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. समन्स बजावूनही प्रतिवादी आला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. पुरावा मात्र वादीला द्यावाच लागतो.

दोघांनाही परतीची वाट आहे: पुरेसे कारण दाखवून 30 दिवसांत अर्ज. समन्स नीट बजावलेच नसेल, तर प्रतिवादीची मुदत हुकूमनामा कळल्यापासून धरतात. न्यायालय खर्च भरण्याची अटही घालू शकते.

एकतर्फी हुकूमनाम्यांनी दख्खनचा शेतकरी फार पोळला आहे. 1875 च्या दंग्यांमागे सावकारांचे असे हुकूमनामेही होते. 1879 च्या कायद्याने न्यायाधीशांना खतामागचा खरा व्यवहार तपासायला लावला. निफाडलाच जन्मलेले महादेव गोविंद रानडे त्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते.

आज पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसते. ती स्वतः पाहावी. सगळा भार वकिलावर टाकू नये. आजारपणामुळे तारीख चुकली असेल, तर अर्जासोबत डॉक्टरचा दाखला जोडावा.