एका बाळाची चिठ्ठी

आमच्या घरी औषध म्हणजे डॉक्टरांनी दिले ते. ते आधी कोणावर तरी तपासलेले असते, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. अशा चाचणीत चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन समान गट करतात. अनुकूली पद्धतीत मात्र हाती येणाऱ्या निकालांप्रमाणे, आधीच ठरवलेल्या नियमाने, ही वाटणी बदलत जाते.

अमेरिकेत मिशिगन येथे डॉ. बार्टलेट यांनी श्वास कोंडलेल्या नवजात बाळांसाठी रक्तात बाहेरून प्राणवायू मिसळणारे यंत्र असे तपासले. अहवाल १९८५ साली आला. समजा, डब्यात नव्या-जुन्या उपचारांची एकेक चिठ्ठी आहे. काढलेली चिठ्ठी परत टाकायची. उपचार लागू पडला तर त्याची, नाहीतर दुसऱ्याची एक चिठ्ठी वाढवायची. पहिले बाळ यंत्रावर वाचले. दुसऱ्याला जुना उपचार मिळाला, ते दगावले. पुढची दहाही यंत्रावर गेली आणि वाचली.

पण एकाच मृत्यूवरून जुन्याला दोष कसा द्यावा? शंका उरली. ब्रिटनमध्ये १८५ बाळांची जवळजवळ समान वाटणी झाली. यंत्राच्या गटात ९३ पैकी ३०, दुसऱ्यात ९२ पैकी ५४ दगावली. फरक पाहून ती चाचणीही १९९५ मध्ये लवकर थांबवली गेली.

लवकर दया करावी, तर खात्री कमी. खात्री हवी, तर बाळे जातात. औषध घेताना आता मला ती दुसरी चिठ्ठी आठवते.