चष्मा व दूरदर्शक उपकरणे
द्विनेत्री दुर्बीण, बंदुकीवरील दूरदर्शक यांसारखी उपकरणे दृष्टिदोष असलेल्या व्यक्तीने चष्मा लावूनच वापरावीत की काढून, हा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. उपकरण योग्य असेल व नीट जुळविलेले असेल, तर चष्मा ठेवणेच बहुधा श्रेयस्कर ठरते. अडचण चष्म्यामुळे नव्हे, तर नेत्रिका व डोळा यांमधील अपुऱ्या जागेमुळे येते.

तत्त्व : दूरदर्शकाच्या वस्तुभिंगातून आत आलेला प्रकाश नेत्रिकेमागे एका लहान तेजस्वी वर्तुळात एकवटतो. त्याला निर्गम वर्तुळ म्हणतात. उपकरण हाताच्या अंतरावर धरून उजळ आकाशाकडे (सूर्याकडे नव्हे) रोखले असता हे वर्तुळ नेत्रिकेत दिसते. वस्तुभिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागले की त्याचा व्यास मिळतो. ८ × ४२ दुर्बिणीत तो ५·२५ मिमी., तर १० × ४२ मध्ये ४·२ मिमी. असतो. नेत्रिकेच्या शेवटच्या भिंगापासून या वर्तुळापर्यंतच्या अंतराला येथे नेत्रावकाश म्हटले आहे. डोळ्याची बाहुली याच जागी असेल, तरच संपूर्ण दृश्यक्षेत्र दिसते. चष्म्याची काच डोळ्यापासून सु. १२ ते १४ मिमी. पुढे असते. त्यामुळे नेत्रावकाश १० मिमी. असेल, तर दृश्याच्या कडा नाहीशा होतात व भोकातून पाहिल्यासारखे वाटते. चष्मेवाल्यास किमान १५ मिमी. व काच जाड असल्यास सु. १८ मिमी. नेत्रावकाश लागतो.

गॅलिलीओ यांच्या दूरदर्शकात अंतर्गोल नेत्रिका असल्याने निर्गम वर्तुळ बाहेर पडतच नाही. योहानेस केप्लर यांनी १६११ मध्ये वर्णिलेल्या बहिर्गोल नेत्रिकेच्या रचनेत ते बाहेर पडते. चष्मेवाल्यांसाठी मुद्दाम लांब नेत्रावकाशाच्या दुर्बिणी झाइस या जर्मन कंपनीने १९५८ च्या सुमारास बाजारात आणल्या.

दृष्टिदोष : साधी ऱ्हस्वदृष्टी किंवा दीर्घदृष्टी मर्यादेत असेल, तर नेत्रिका पुढेमागे सरकवून ती भरून काढता येते. अबिंदुकता मात्र भरून निघत नाही, कारण तीत निरनिराळ्या दिशांतील रेषा निरनिराळ्या अंतरांवर केंद्रित होतात. त्यासाठी चष्म्यातील दंडगोलीय काचच हवी [⟶ चष्मा]. शिवाय चष्मा काढून पाहणाऱ्यास दृष्टी उपकरणाबाहेर वळविताच सर्व धूसर दिसते व प्रत्येक वेळी चष्मा शोधावा लागतो. चाळिशीचा दोष येथे फारसा आड येत नाही, कारण उपकरणातील प्रतिमा दूरच्या वस्तूप्रमाणे पाहिली जाते. मात्र दुहेरी काचेच्या चष्म्यातून पाहताना वरचा भाग वापरावा.

गोंदिया जिल्ह्यातील उपयोग : हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. परसवाडा, झिलमिली, नवेगावबांध यांसारख्या तलावांच्या या प्रदेशात महाराष्ट्रातील सारस पक्षी मुख्यत्वे टिकून आहेत. राज्यातील त्यांची संख्या काही डझनांपेक्षा जास्त नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वन विभाग व स्थानिक स्वयंसेवक त्यांची गणना करतात. प्रौढ सारसाचे डोके व मानेचा वरचा भाग पिसांविना लाल असतो, तर पिलाच्या मानेवर तांबूस पिसे असतात. पहाटेच्या मंद प्रकाशात धानाच्या बांधावरून हा भेद ओळखावा लागतो. संख्या इतकी थोडी असताना एका पिलाची चूकसुद्धा प्रजननाविषयीचा निष्कर्ष बदलू शकते. म्हणून चष्मेवाल्या निरीक्षकाने निव्वळ जास्त विवर्धनाच्या मागे न लागता लांब नेत्रावकाशाची ८ × ४२ दुर्बीण घ्यावी व नेत्रिकेभोवतीची रबरी कडी खाली करावी.

बंदुकीवरील दूरदर्शक : वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर शिकारीसाठी या साधनाला येथे स्थान उरलेले नाही. तथापि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पासारख्या (२०१३) क्षेत्रांलगत वन्यप्राण्यास भुलीच्या औषधाची सुई मारून बेशुद्ध करावे लागते, तेव्हा अशा बंदुकीवर अल्प विवर्धनाचा बदलता दूरदर्शक बसविता येतो. सुई मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत न लागता इतरत्र लागल्यास जनावराच्या जिवास धोका पोहोचतो.

या प्रकारात विवर्धन १ ते ४ किंवा १ ते ६ पट बदलते व वस्तुभिंगाचा व्यास बहुधा २४ मिमी. असतो. ६ पटीस निर्गम वर्तुळ ४ मिमी.चेच राहते. नेत्रावकाश सु. ८५ ते १०० मिमी. असल्याने चष्म्याला जागेची अडचण नसते. अडचण वेगळीच असते. दस्त्यावर गाल टेकविताना मान झुकते आणि नजर काचेच्या मध्याऐवजी वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून जाते. तेथे तीव्र क्रमांकाची काच प्रतिमा विकृत करते. लक्ष्यवेधी नेमबाजांच्या खास चष्म्यात काच नजरेला काटकोनात फिरविता येते, ती याच कारणासाठी. साध्या चष्म्यात मोठ्या काचेची, नाकावर वर बसणारी चौकट निवडावी. एकपट विवर्धनास दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहतात. चष्मा काढल्यास दुसरा डोळा धूसर पाहतो व दोन्ही प्रतिमा जुळत नाहीत.

जुळवणी : बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, चष्मा लावून, दूरदर्शक कोऱ्या आकाशाकडे रोखावा. क्षणभरच पाहून नेमाच्या रेषा स्पष्ट दिसेपर्यंत नेत्रिका फिरवावी. जास्त वेळ पाहिल्यास डोळा स्वतःच जुळवून घेतो व जुळवणी चुकते. दूरदर्शक दस्त्यावर कोठे बसवावा हे सर्वांत मोठ्या विवर्धनावर ठरवावे, कारण तेव्हा डोळ्याच्या हालचालीस सर्वांत कमी वाव असतो. रायफलीचा धक्का मोठा असल्यास नेत्रिका चष्म्यावर आदळू शकते, म्हणून हे अंतर कमी करू नये. प्रकाशित बिंदू फाटलेला दिसल्यास डोके स्थिर ठेवून रिकाम्या बंदुकीचा दूरदर्शक किंचित कलता करावा. फाटा त्याबरोबर फिरला नाही, तर दोष डोळ्याचा असतो. अशा वेळी उपकरण बदलण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घेणे इष्ट.