विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय? शेकडो सर्व्हर एका पडद्यावरून कसे सांभाळतात?

पीक विम्याची मुदत संपत आली की आष्टी, गेवराई, माजलगावच्या सेवा केंद्रांवर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ सातबारा, फेरफार, उत्पन्नाचा दाखला अशा कामांतही तेच. मात्र ज्या सर्व्हरला बोल लावला जातो, तो बीड जिल्ह्यात नसतोच. तो शेकडो किलोमीटर दूर, डेटा सेंटरच्या थंड दालनात असतो आणि त्याच्यासारख्या शेकडो यंत्रांवर मोजकी माणसे एका पडद्यावरून लक्ष ठेवतात. हे काम करणारी केंद्रीकृत व्यवस्थापन प्रणाली काय असते, ती कशी उभारतात, तिचे धोके कोणते आणि रांगेतल्या शेतकऱ्याला तिचा काय उपयोग, याविषयी...

हा सर्व्हर असतो कुठे?

केंद्र सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना मंजूर केली. सरकारी सेवांसाठी प्रत्येक राज्यात एक डेटा सेंटर असावे, ही कल्पना त्यातूनच आली. महाराष्ट्राचे राज्य डेटा सेंटर मुंबईत उभे राहिले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, मोठी डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्याच्या दप्तरातील नोंद दूरच्या सर्व्हरवरून थेट हातात येऊ लागली.

पीक विम्याचे पोर्टल मात्र केंद्र सरकारचे आहे. एका अर्जासाठी जमिनीची नोंद लागते, आधार लागते, बँक खाते लागते. म्हणजेच केजमधल्या एका शेतकऱ्याचा एक अर्ज वेगवेगळ्या यंत्रणांच्या सर्व्हरशी संबंध ठेवून असतो. त्यातला एक अडकला तरी अर्ज अडकतो. केंद्रचालकाला पडद्यावर फक्त फिरणारे चक्र दिसते.

‘डाऊन’ म्हणजे नेमके काय बिघडते?

या एका शब्दाखाली किमान पाच वेगळे बिघाड लपलेले असतात. पहिला, सेवा केंद्राचीच वीज किंवा इंटरनेट गेलेले असते. दुसरा, जिल्ह्यापासून डेटा सेंटरपर्यंतची जोडणी कुठेतरी तुटलेली असते. तिसरा, सर्व्हरचे यंत्रच बिघडते. डिस्क, पंखा, वीजपुरवठा करणारा भाग किंवा मेमरी निकामी होते. चौथा, यंत्र ठणठणीत असते, पण त्यावरचे सॉफ्टवेअर किंवा डेटाबेस अडकतो. पाचवा, काहीच बिघडलेले नसते. एकाच वेळी इतके अर्ज येतात की यंत्राची ताकद पुरत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत हे अधिक संभवते.

पाचही बिघाडांवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून बिघाड नेमका कुठे आहे, हे मिनिटांत कळणे ही दुरुस्तीची पहिली पायरी ठरते. केंद्रीकृत व्यवस्थापन प्रणालीचे मुख्य काम तेच आहे.

एका पडद्यावरून शेकडो यंत्रे कशी दिसतात?

डेटा सेंटरमध्ये सर्व्हर लोखंडी रॅकमध्ये एकावर एक बसवलेले असतात. एका रॅकमध्ये ३०-४० यंत्रे सहज मावतात. प्रत्येकासमोर कीबोर्ड घेऊन बसणे शक्य नसते. त्यामुळे सर्व्हरच्या मुख्य पाटीवर एक छोटा स्वतंत्र संगणकच बसवलेला असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यात बीएमसी, म्हणतात. डेल कंपनी त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ म्हणते.

मुख्य सर्व्हर बंद असला तरी वीज आहे तोवर बीएमसी जागा असतो. घरातले सगळे झोपले तरी वाड्याचा राखणदार जागा असावा, तसा. तो तापमान मोजतो, पंख्यांचा वेग पाहतो, डिस्क खराब होऊ लागल्याची खूण टिपतो. दूर बसलेला अभियंता त्याच्यामार्फत सर्व्हर बंद-चालू करू शकतो, त्याचा पडदा पाहू शकतो, नवी कार्यप्रणालीही टाकू शकतो.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांशी एकाच भाषेत बोलता यावे म्हणून इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे मानक आणले. २०१५ मध्ये रेडफिश हे नवे मानक आले. या राखणदारांचे निरोप एका ठिकाणी गोळा करणारे सॉफ्टवेअर म्हणजे केंद्रीकृत व्यवस्थापन प्रणाली. डेलचे ओपनमॅनेज एंटरप्राइज, एचपीईचे वनव्ह्यू, लेनोव्होचे एक्सक्लॅरिटी ही त्याची उदाहरणे. त्यांच्या जोडीला झॅबिक्स, नागिओस, प्रोमिथियस ही मुक्त स्रोत साधने देखरेखीसाठी, तर एकच आदेश शेकडो यंत्रांवर राबवण्यासाठी अॅन्सिबल वापरले जाते.

उभारणीत कोणते टप्पे असतात?

सॉफ्टवेअर बसवायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ त्याआधीच्या आणि नंतरच्या शिस्तीत जातो.

पहिला टप्पा यादीचा. किती सर्व्हर आहेत, कोणत्या रॅकमध्ये, कोणत्या विभागाचे, त्यांची हमी कधी संपते, हे सारे नोंदवावे लागते. प्रणाली नेटवर्कवर शोध घेऊन यंत्रे स्वतः ओळखते, पण या यंत्रावर फेरफाराचा डेटाबेस चालतो आणि त्यावर दाखल्यांचे संकेतस्थळ, ही माहिती माणसांनीच भरायची असते.

दुसरा टप्पा वेगळ्या रस्त्याचा. बीएमसींना जोडणारे नेटवर्क नागरिकांच्या वाहतुकीपासून पूर्ण अलग ठेवतात. कारखान्यातून येताना लागलेले मूळ पासवर्ड याच टप्प्यावर बदलायचे असतात. ही साधी गोष्ट राहून गेली तर पुढचे सगळे कुलूप व्यर्थ.

तिसरा टप्पा गटवारीचा. एकसारखे काम करणाऱ्या सर्व्हरचा गट करून त्यांच्यासाठी एक नमुना ठरवला जातो. फर्मवेअरची आवृत्ती कोणती, सेटिंग कोणते, हे त्यात असते. एखादे यंत्र नमुन्यापासून ढळले की प्रणाली ते दाखवते.

चौथा टप्पा इशाऱ्यांचा. डिस्क ८० टक्के भरली की सूचना, ९० टक्क्यांवर फोन, अशा मर्यादा ठरवाव्या लागतात. त्या फार खाली ठेवल्या तर रोज शेकडो इशारे येतात आणि कोणीच ते वाचत नाही. फार वर ठेवल्या तर इशारा येईपर्यंत रांग लागलेली असते.

पाचवा टप्पा अधिकारांचा. कोण फक्त पाहू शकतो, कोण सर्व्हर बंद करू शकतो, कोण नवे सॉफ्टवेअर चढवू शकतो, हे वेगळे ठेवायचे. प्रत्येक आदेशाची नोंद, म्हणजे लॉग, राहिली पाहिजे. सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे.

नवे पॅच किंवा फर्मवेअर आधी एक-दोन यंत्रांवर तपासून, मग टप्प्याटप्प्याने सर्वांवर चढवणे हा रोजच्या वापरातला महत्त्वाचा नियम. तो मोडला की काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. अनेक ठिकाणी यंत्रे एकेक करून सुरू करावी लागली.

सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात ठेवण्याचा धोका काय?

शेकडो यंत्रे एका पडद्यावरून दुरुस्त करता येतात, तशी ती त्याच पडद्यावरून बिघडवताही येतात. अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या देखरेख सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घुसखोरी केल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले. ती आवृत्ती सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचली होती. राखणदारावरच पाळत ठेवण्याची वेळ आली.

भारतातले उदाहरण दिल्लीच्या एम्सचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील पाच सर्व्हरवर हल्ला होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस कागदावर करावी लागली. नेटवर्कची विभागणी नीट नसल्याने हे घडले, असे सरकारने संसदेत सांगितले. वर सांगितलेला दुसरा टप्पा किती महत्त्वाचा, हे त्यावरून कळते.

हल्लेखोर नसतानाही अडचण येऊ शकते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आदेशाने फेसबुकचे अंतर्गत जाळेच तुटले. संकटकाळासाठी ठेवलेला वेगळा रस्ताही चालेना. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. व्यवस्थापन प्रणालीचा स्वतःचा बॅकअप आणि तिच्याविना काम चालवण्याचा सराव या दोन्ही गोष्टी त्यामुळेच उभारणीचा भाग मानल्या जातात.

हा पडदा काय करू शकत नाही?

याचे उत्तर बीड जिल्ह्यातच आहे. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात नियंत्रण कक्ष आहे. बॉयलरचा दाब, टर्बाइनचा वेग, पाण्याची पातळी सगळे तिथे दिसते. तरीही फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे पाणी संपले आणि केंद्रातील सर्व संच बंद ठेवावे लागले. नियंत्रण कक्षाला पाणी घटताना दिसते. पाणी निर्माण करणे त्याच्या हातात नसते.

सर्व्हरचेही तसेच. मे महिन्यातच प्रणाली दाखवू शकते की मागच्या जुलैत यंत्रांची क्षमता पूर्ण वापरली गेली होती. पण जुलैपूर्वी जादा क्षमता घेण्याचा निर्णय, त्याची तरतूद आणि निविदा ही माणसांची कामे आहेत. पीक विम्याची गर्दी अचानक येणारा पूर नव्हे. ती दर खरिपाला, ठरलेल्या मुदतीच्या तोंडावर येते. २०२३ मध्ये मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली होती. तारीख आधीपासून माहीत असलेल्या गर्दीसाठी क्षमता वाढवता येते आणि क्लाउड पद्धतीत ती काही दिवसांपुरतीही घेता येते.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. पडद्यावर सर्व दिवे हिरवे असतानाही खिडकीवर रांग असू शकते, कारण यंत्र चालू असणे आणि सेवा मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यावरचा उपाय म्हणजे सेवेचीच तपासणी. एखाद्या तालुक्यातून दर पाच मिनिटांनी नमुना सातबारा मागवून तो किती सेकंदांत येतो, हे मोजणारे साधन प्रणालीला जोडता येते. मुंबईतून सगळे सुरळीत दिसते का, यापेक्षा पाटोद्यातून काय दिसते, हे मोजणे नागरिकांच्या दृष्टीने खरे.

बीडच्या अर्जदाराला याचा काय उपयोग?

जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. दाखला, फेरफार, बँकेचे काम हे सारे त्याआधी उरकायचे असते. ‘उद्या या’ याचा अर्थ त्यांच्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि शिरूर कासार किंवा वडवणीच्या एका गावातून तालुक्याला आणखी एक खेप. टोळी निघाली की तो ‘उद्या’ थेट पुढच्या वर्षी उगवतो.

अशा वेळी अर्ज का राहिला, हे सिद्ध करण्याचा भार आज अर्जदारावर पडतो. कोणी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून ठेवतो, कोणी केंद्रचालकाकडून लिहून घेतो. सेवा तपासणारी प्रणाली नीट बसवलेली असेल, तर सेवा कोणत्या मिनिटाला थांबली, कधी सुरू झाली आणि कशामुळे थांबली, हे तिच्या लॉगमध्ये आधीच नोंदलेले असते. हा पुरावा गोळा करण्यासाठी जादा खर्चाची गरज नाही. तो फक्त डेटा सेंटरच्या भिंतीबाहेर आणावा लागतो.

अनेक क्लाउड कंपन्या आपल्या सेवांची स्थिती सार्वजनिक पानावर दाखवतात. सातबारा आणि दाखल्यांसाठी मराठीतून असे पान असले, तर वडवणीहून निघण्यापूर्वीच माणसाला कळेल की आज जाण्यात अर्थ आहे की नाही. सेवा जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप पुढे, असा नियम करणेही या नोंदींच्या आधारे शक्य आहे. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना कालमर्यादा आणि अपिलाची सोय दिली आहे, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली सेवा किती वेळ बंद होती, हे विचारता येते. सुरक्षेला बाधा आणणारा तपशील न देताही बंद-चालूच्या वेळा सांगता येतात.

सर्व्हर कधीच बंद पडणार नाही, अशी हमी कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही. तो कधी, किती वेळ आणि कशामुळे बंद होता, हे मात्र यंत्रणेला सांगता येते. ते खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही सांगायचे की नाही, हा निर्णय प्रशासनाचा आहे.