जिनातली धूळ नाकाशी मोजा

जिनिंगमधली धूळ मोजायची तर यंत्र भिंतीला टांगून भागत नाही. रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस लावणाऱ्या बाईच्या खांद्याशी, नाकापासून वीतभर अंतरात ते हवं. हिंगणघाट भागातल्या जिनांमध्ये हवेचे नमुने घेणं हे माझं काम. यंत्र ऑफिसच्या दाराजवळ ठेवा, असं बरेचदा सुचवलं जातं. तिथला आकडा कमी येतो, पण ती हवा रेजांच्या, म्हणजे मजूर बायांच्या, छातीत जात नाही.

पंपाचा डबा कमरेच्या पट्ट्याला, नळी पाठीवरून खांद्यावर, टोकाला फिल्टर. मिनिटाला २ लिटर हवा ओढली की आठ तासांत ९६० लिटर होते, म्हणजे जवळपास एक घनमीटर. फिल्टरचं वजन आधी आणि नंतर, सारख्याच ओलाव्यात ठेवून, सूक्ष्म तराजूवर करायचं. वाढ मिलिग्रॅममध्ये कळते. ब्रिटनमध्ये कापसाच्या धुळीची अशी मर्यादा घनमीटरला २.५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये सूत काढणाऱ्या विभागांसाठी ०.२ ठरवली, पण तिथलं यंत्र मोठे कण आत घेतच नाही, त्यामुळे हे दोन आकडे शेजारी मांडू नयेत. शिवाय तो नियम जिनिंगला लागूच नव्हता.

उन्हाच्या तिरिपीत उडणारे पांढरे तंतू डोळ्यांना दिसतात. खरा घात करतो तो सुक्या पानांचा आणि बोंडाबाहेरच्या पाल्याचा बारीक चुरा. त्यावरच्या जीवाणूंचं विष श्वासनळ्या आवळतं. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती घट्ट होते, पुढे हळूहळू त्रास रोजचा होतो. म्हणून मी बायांना विचारते, "मावशी, सुट्टीवरून आल्यावर पहिल्या दिवशी कसं वाटते?" नुसतं "खोकला आहे का" विचारलं तर "धूळच हाय ना बाई" एवढंच उत्तर येतं. हंगाम संपला की त्या शेतात जातात, बरं वाटू लागतं आणि दवाखान्याच्या कागदावर जिनाचं नावही येत नाही. कायद्याने सक्तीने नोंदवायच्या आजारांत बिसिनोसिस असूनही!

उपाय पाल्यापासूनच सुरू होतो. कापूस स्वच्छ वेचला, रेच्याआधी क्लीनरमधून काढला की चुरा मुळातच कमी. मग रेच्यांवर झाकण आणि शोषण पंखा, हाताने लावण्याऐवजी पट्ट्याने किंवा हवेने कापूस पोचवणं. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनांचं आधुनिकीकरण झालं, त्याचा हाही फायदा. मास्क सगळ्यात शेवटी. तोंडाला बांधलेला पदर तर बारीक चुरा अडवतच नाही.

पाळी संपताना खराटा चालतो किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्र फुंकतात. बसलेली धूळ तेव्हा पुन्हा उठते. शोषण यंत्राने झाडलोट केली तर हे टळतं. अजून तसं नाही तिथे, झाडलोट होईपर्यंत पंप काढायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगते.